कर्जत ते घाटघर, वायपर बदलून

मुहूर्त मृगाचा धरा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कर्जतकडचा शेतकरी बहुधा आभाळाकडे बघत असतो आणि घाटघरला पाऊस लागलेला असतो. जिल्हा एकच.

आदल्या दिवशी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गाडीचे वायपर बदला. ‘एवढ्या उन्हात वायपर?’ असं म्हणून मी एकदा टाळलं होतं. उन्हानं कडक झालेलं रबर शेंडीच्या अलीकडे काच नुसती खरवडत राहिलं, आणि मी मान खिडकीबाहेर काढून गाडी हाकली. स्टेपनीतली हवाही बघा. माळावर बाभळीचा काटा टायरला सोडत नाही.

सोलापूर रस्त्यानं मिरजगाव, तिथून कर्जत. मुक्काम तिथंच टाका आणि उजाडायला रेहेकुरी गाठा. काळविटांसाठी १९८० साली राखलेलं हे अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. भडक कपडे नकोत, बोलणं नको. आधी नुसती खुरटी झुडपं आणि पिवळं गवत दिसेल. मग त्यातलंच एक झुडूप मान वळवेल: पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगांना पीळ. निघताना मोज्यांतली कुसळं काढूनच गाडीत बसा, नाहीतर ती भंडारदऱ्यापर्यंत टोचत येतात.

ऊन चढायच्या आत नगर ओलांडा. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर अशी वाट धरा. जवळच्या रस्त्याचा मोह नको. कोल्हारला प्रवरा भेटते आणि ऊस सुरू होतो. सकाळच्या माळानंतर ही हिरवळ डोळ्यांना खोटी वाटते. लोणीजवळ प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो या पाण्याच्या जोरावर. इथून पुढे तुम्ही पाण्याच्या उलट जात असता. भात दिसू लागला की अकोले तालुका.

अकोल्यात टाकी भरा, राजूरला पेढे घ्या. रंधा धबधबा वाटेतच आहे. कठड्याच्या अलीकडूनच बघा. शेंडीला मुक्काम. तिथलं भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं, कोल्हारचा ऊस इथूनच पाणी पितो. पाऊस अजून झोडपत नसेल, तर रात्री हिरड्या-सादड्याच्या झाडांवर काजवे असतात. आत जाऊ देतात का, ते गावात विचारा. हेडलाइट बंद, मोबाइल खिशात, आणि दहा मिनिटं गप्प उभे राहा. आधी एक फांदी लुकलुकते, मग सगळं झाड.

सकाळी १६४६ मीटरचं कळसूबाई ढगात असेल. चढायचा हट्ट सोडा, घाटघरला जा. कोकणकड्यावर धुक्यात काहीच दिसणार नाही. गाडी लांब लावा, कड्यापासून मागे थांबा. वारा पडदा फाडेल तेव्हा खाली कोकण दिसेल, एवढंसं.