शेंडेफळ

आजचा शब्द आहे ‘शेंडेफळ’. झाडाच्या शेंड्याला अगदी शेवटी धरलेले फळ ते शेंडेफळ. आईबापाच्या उतारवयात झालेल्या सर्वांत धाकट्या मुलालाही मराठीत लाडाने शेंडेफळ म्हणतात. हिब्रूत अशा मुलाला ‘बेन झेकुनीम’, म्हणजे म्हातारपणचा मुलगा, असे म्हणतात.

तोरात अशी मुले आहेत. इसहाक जन्मला तेव्हा आब्राहाम १०० वर्षांचा होता आणि सारा ९० वर्षांची. या वयात मूल होणार हे ऐकून सारा हसली. इसहाक या नावाचा अर्थही हसण्याशीच जोडलेला आहे. पण प्रत्येक गोष्ट हसण्याची नाही. राहेल बन्यामीनच्या बाळंतपणात वारली. योसेफ म्हातारपणचा मुलगा, म्हणून याकोबाने त्याच्यावर जास्त माया केली. भावांना ते सोसले नाही व त्यांनी त्याला विकले.

आता आजचे उदाहरण घेऊ. समजा, अश्दोदमध्ये एक बेने इस्राएल जोडपे आहे. बायको ४३ वर्षांची, नवरा ४८ वर्षांचा. मुलगी सैन्यात आहे, मुलगा दहावीत. बाईला वाटते, आणखी एक मूल व्हावे. सासूबाई म्हणतात, “अगं, होऊ दे की! मी एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस बोलते.” नवरा काहीच बोलत नाही.

त्याने बोलले पाहिजे. पुढच्या वर्षी मूल झाले तर ते १८ व्या वर्षी सैन्यात जाईल, तेव्हा आई ६२ वर्षांची असेल आणि बाप ६७ वर्षांचा. इस्राएलात पुरुषांचे निवृत्तीचे वय ६७ आहे.

डॉक्टरांनाही आधीच विचारावे. वाढत्या वयात गरोदरपणी रक्तदाब व मधुमेहाचा धोका वाढतो. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता आईच्या ३५ व्या वर्षी सुमारे ३५० त एक असते, ४० व्या वर्षी १०० त एक आणि ४५ व्या वर्षी ३० त एक. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांचा खर्च इस्राएल सरकार देते, पण तो दोन मुले होईपर्यंत. तिसऱ्यासाठी खिशातून पैसे घालावे लागतात.

धर्म काय सांगतो? मिश्नात हिल्लेलच्या अनुयायांचे मत दिले आहे की, एक मुलगा व एक मुलगी झाली की संततीची आज्ञा पुरी होते. पुढची मुले आशीर्वादच मानली जातात. पण आईच्या जिवाला धोका असेल, तर आधी जीव.

सासूबाईंनी नवस खुशाल बोलावा. पोहे, खोबरे, गूळ, फळे घालून मलिदाही करावा. पण नऊ महिने सुनेला काढायचे आहेत. “हो” किंवा “नको” तिने आणि नवऱ्याने मिळून ठरवावे. “नको” म्हटले, तर कोणी टोमणे मारू नयेत. “हो” म्हटले, तर थोरल्या मुलीला गृहीत धरून तिच्या कडेवर बाळ देऊ नये आणि शेंडेफळाचे लाड करताना याकोबाची चूक करू नये.

शब्दार्थ
उतारवय – तारुण्य ओसरल्यानंतरचे वय
नवस – इच्छा पुरी व्हावी म्हणून देवाला दिलेले वचन
गृहीत धरणे – न विचारता होकार समजणे

प्रश्न
१. योसेफाच्या भावांना काय सोसले नाही?
२. नवऱ्याने गप्प बसणे योग्य का नाही?
३. तुमच्या घरातले शेंडेफळ कोण? घरी विचारून पाच ओळी लिहा.