उंबरा, जीना आणि म्हातारपणाचं घर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
*किला गेट केंद्र : या महिन्याचा अभ्यासपाठ*



मागच्या गुरुवारी आरती आटोपून खाली आलो, तर दोघी काकू दारातल्या पायरीवर बसलेल्या. वर आल्याच नव्हत्या. आपल्या केंद्राचा जीना सरळसोट १६ पायऱ्यांचा, दगडी, आणि कठडा एकाच बाजूला. "आरती इथूनही ऐकू येते की," असं हसत म्हणून एकींनी प्रसादाला हात पुढे केला. गेले तीन महिने आम्ही त्यांचा प्रसाद खाली पाठवतो आहोत. ज्यांच्या घरच्या ओसरीवर हे केंद्र सुरू झालं त्याच आता बाहेर बसतात, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्याच काकूंचा प्रश्न आणखी मोठा निघाला. मुलगा-सून पुण्यात. किला गेटचं घर विकून पुण्याजवळ ज्येष्ठांच्या वसाहतीत फ्लॅट घ्यावा, असं मुलाचं म्हणणं. काकू म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहात. सांगा, जाऊ की नको?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून या महिन्याचा पाठ हाच घेतला. चौघींनी मिळून सरकारी नियम वाचले, पुण्यात राहणाऱ्या नातेवाइकांना फोन केले, आणि टेप घेऊन आपापली घरंही मोजली.

वानप्रस्थाबद्दल आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. त्यातली एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरतो. तो आश्रम माणसाने स्वतः पत्करायचा होता, कुणी त्याला पाठवायचं नव्हतं. संसार मुलांच्या हाती द्यायचा तो आपल्या समजुतीने, हातपाय चालताहेत तोवर. आज बहुतेक घरांत उलटं होतं. आई न्हाणीत पडते, माकडहाड मोडतं, मुलगा विमानाने येतो आणि चार दिवसांत सगळं ठरवून जातो. त्यात मुलाचा दोष नाही. त्याची रजा तेवढीच असते.

हा प्रश्न एका घराचा नाही. २०११च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक १० कोटींच्या वर होते. २०५०पर्यंत देशात दर पाच माणसांत एक साठीपुढचा असेल, असा अंदाज आहे. कायद्यानेही दखल घेतली आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे. पण काकू निराधार नाहीत. त्यांच्याकडे घर आहे, पेन्शन आहे, मुलगाही चांगला आहे. त्यांना हवं आहे ते सोयीचं घर आणि हाकेच्या अंतरावर माणूस.

असं घर म्हणजे वृद्धाश्रम नाही, हे आम्हालाही नीट माहीत नव्हतं. पुण्यात परांजपे स्कीम्सच्या 'अथश्री' या नावाच्या वसाहती आहेत, पाषाण, बावधन, हडपसर अशा ठिकाणी. तिथे घर स्वतःचं, कुलूप स्वतःचं. जेवणाची सोय, डॉक्टर, संध्याकाळी बसायला माणसं, हे सगळं आवारातच. केंद्र सरकारने २०१९मध्ये अशा वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. महाराष्ट्रात महारेराने २०२४मध्ये बांधकामाचे बारीक नियमही घालून दिले. ते वाचताना आम्हाला फार गंमत वाटली, कारण ते सगळे आपल्या घरातल्या भांडणांचेच विषय आहेत!

दार किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट रुंद हवं. का, तर चाकाची खुर्ची आत गेली पाहिजे. आमच्या चौघींच्या न्हाणीघरांची दारं मोजली : सर्वांत मोठं सव्वादोन फूट. एका टप्प्यात १२पेक्षा जास्त पायऱ्या नकोत. आपल्या केंद्राचा जीना इथेच नापास झाला. कठडा दोन्ही बाजूंना हवा, कारण अर्धांगवायू झालेल्या माणसाचा कुठला हात धरतो हे आधी सांगता येत नाही. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा, खाली न घसरणारी फरशी. आणि न्हाणीचं दार बाहेर उघडणारं हवं. हे वाचल्यावर आम्ही गप्पच झालो. माणूस आत पडला आणि दार आत उघडणारं असलं, तर त्याचंच अंग दाराला अडतं, बाहेरच्यांना ढकलता येत नाही. आमच्यातल्या एका भगिनीच्या सासूबाईंच्या वेळी हेच झालं होतं. बिजागऱ्या काढायला सुतार येईपर्यंत पाऊण तास गेला.

उताराचं गणितही शिकलो. एक इंच चढायला बारा इंच लांबी, असं प्रमाण ठेवायचं. आपल्या केंद्राचा ओटा दीड फूट उंच आहे, म्हणजे उतार १८ फुटांचा लागेल. आपल्या गल्लीत एवढी जागा कुठली? तिथून ई-रिक्षाच जेमतेम जाते. म्हणून तिथे उताराचा हट्ट नको. पायऱ्या कमी उंचीच्या आणि रुंद करून घेऊ, दोन्हीकडे पाइपचा कठडा लावू, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढू. सगळा दगड एकाच रंगाचा असला की मोतीबिंदूच्या डोळ्यांना पायरी कुठे संपते ते दिसत नाही. (जाता जाता : उंबऱ्यापुढची रांगोळी जरा बाजूला काढावी. गुळगुळीत फरशीवर ती वाळूसारखी सरकते. देवाला चालेल.)

पुण्याचे नियम ग्वाल्हेरला जसेच्या तसे मात्र लागू होत नाहीत. इथे मे-जूनमध्ये पारा ४५च्या पुढे जातो, दगडी पटियांची छतं रात्रीपर्यंत तापलेली असतात, आणि जानेवारीत त्याच खोल्या बर्फासारख्या. म्हाताऱ्या माणसाला वरची खोली 'हवेशीर' म्हणून देण्याची आपली जुनी रीत त्यामुळे चुकीची ठरते. तळमजला, जाड भिंत, उत्तरेची खिडकी, आणि खोलीला लागून संडास. लाईट गेली तर लिफ्टचा काय उपयोग, हेही विचारून घ्यावं. शिवाय जयारोग्य रुग्णालय लष्करच्या बाजूला. इथून रात्री कोण नेणार, गाडी गल्लीत कुठवर येणार, हे आधीच ठरलेलं बरं.

पण नुसत्या दांड्याने आणि फरशीने घर होत नाही. नेदरलँड्समध्ये देवेंटर गावी एका वृद्धनिवासात कॉलेजची मुलं भाडं न देता राहतात. त्याबदल्यात महिन्याला ३० तास त्यांनी आजी-आजोबांच्या सोबत घालवायचे. आपल्याकडे एकत्र कुटुंबात जे फुकट होतं ते त्यांनी करार करून मिळवलं. काकूंना तर घेण्यापेक्षा देण्याची सवय. सोमवारी दोन मुली त्यांच्याकडे पेटी शिकायला येतात. नव्या जागी कुणाला काय शिकवणार, हा प्रश्न फ्लॅटच्या नकाशात नसतो. तो आपणच विचारायचा.

आणि कागद! अंथरुणाला खिळल्यावर वसाहतीत ठेवतात की 'घेऊन जा' म्हणतात? दरमहाचा खर्च दरवर्षी किती वाढतो? आपल्या मागे फ्लॅट मुलाच्या नावावर झाला, तरी त्याचं वय बसत नसेल तर तो तिथे राहू शकेल का? बिल्डर, राहणारा आणि सेवा देणारी संस्था अशा तिघांचा करार करावा, असं केंद्राच्या तत्त्वांत आहे. तो वाचल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. इकडचं घर मुलांच्या नावावर करायचं असेल, तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द बक्षीसपत्रात हवेतच. २००७च्या कायद्याचं कलम २३ त्यासाठीच आहे. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या बाजूने असा निकाल दिला आणि तिने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. हे लिहिताना संकोच वाटतो, पण प्रेम असतानाच कागद करावा. भांडण लागल्यावर तो होत नाही.

हे सगळं आम्ही काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तिथे जाऊन महिनाभर राहून बघता येईल का? घर न विकता?" आम्ही इतकी पानं वाचली, पण हे कुणालाच सुचलं नव्हतं. मुलाला फोन लावला. तोही म्हणाला, आईने स्वतः विचारलं याचंच बरं वाटलं. दिवाळीनंतर काकू पाहुण्यांच्या खोलीत महिनाभर राहून येणार आहेत. तोवर पेटीचा वर्ग इथेच.

*सूचना :* पुढच्या गुरुवारपासून आरती खाली, काकूंच्या ओसरीवर, संध्या. ७ वाजता. केंद्राच्या पायऱ्यांसाठी मिस्त्री रविवारी बघायला येणार आहे, पुरुष मंडळींपैकी दोघांनी थांबावं. प्रत्येक कुटुंबाने घरातल्या न्हाणीच्या दाराची रुंदी, ते आत उघडतं की बाहेर, आणि उंबऱ्याची उंची मोजून आपापल्या ग्रुपवर टाकावी. मोजताना घरातल्या सर्वांत वडील माणसाला सोबत घ्यावं, आणि रात्री उठल्यावर ते कुठे हात टेकतात हे त्यांनाच विचारावं.

जय गुरुदेव 🙏