रस्ता आधी, घर मागून



घर बांधायचे म्हटले की आपण काय काय पाहतो? वीट पाहतो. वाळू पाहतो. दाराचे तोंड कोणीकडे, ते पाहतो. मुहूर्त तर पाहतोच पाहतो. पण दारासमोरचा रस्ता कसा होणार, हे मात्र कोणी पाहत नाही. "होईल की सावकाश," असे म्हणतो. आम्हीही तसेच म्हणालो होतो. पुढे काय झाले, ते या धड्यात सांगतो.

पांढरी आणि काळी

आपले वाडवडील शहाणे होते. गाव वसवायचे ते पांढरीवर. पीक काढायचे ते काळीत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घर टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आता गावे वाढली. पांढरीवर जागा उरली नाही. म्हणून गावाला लागून काळ्या रानात प्लॉट पडू लागले. आमच्या गावीही तसेच झाले. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही तेथे एक प्लॉट घेतला आणि घर बांधले. हळूहळू चाळीसएक घरे झाली. रस्ता मात्र नव्हता. चुन्याने आखलेल्या दोन रेघा तेवढ्या होत्या.

पहिल्याच पावसाळ्यात गुडघाभर चिखल झाला. एका रात्री शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका आली, ती हमरस्त्यावरच थांबली. चौघांनी तिला बाजेवर घातले आणि चिखल तुडवीत तिथवर नेले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, हे दैव. पण त्या रात्री सर्वांना कळले की रस्ता ही शोभेची वस्तू नाही.

पुढच्या वर्षी काँक्रीटचा रस्ता झाला. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. मग पाऊस आला. रस्त्यावरचे पाणी सरळ घरांत शिरले. वर्षभराने रस्त्याला भेगा पडल्या. मग नळाची पाइप टाकायला तोच रस्ता खणला. आम्ही ठेकेदाराला नावे ठेवली. पण खरे सांगायचे तर काम चालू असताना आम्ही एकदाही जाऊन काही विचारले नव्हते. काय विचारावे, हेच माहीत नव्हते.

आमचा एक जुना विद्यार्थी इंजिनियर आहे. दिवाळीला तो गावी आला, तेव्हा त्याने आम्हाला रस्ता फिरून दाखवला. गुरुजी शिष्य झाले आणि शिष्य गुरुजी! त्याने सांगितलेल्या गोष्टी अशा.

१. रुंदी

रस्ता अरुंद असला तर काय होते? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती पडल्या आणि बोळ ढिगाऱ्याने भरून गेले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली. तेथे रस्ते सरळ आणि रुंद आखले.

आज महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला २०२० सालची विकास नियमावली लागू आहे. नव्या निवासी वस्तीतील आतल्या रस्त्यांची रुंदी तिने ठरवून दिली आहे. रस्त्याची लांबी १५० मीटरपर्यंत असेल, तर रुंदी ९ मीटर हवी. लांबी १५० ते ३०० मीटर असेल, तर १२ मीटर. त्याहून लांब असेल, तर १५ मीटर. ९ मीटर म्हणजे जवळजवळ ३० फूट. ही रुंदी एका कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत मोजायची. त्यात गाडीवाट, गटार आणि पायी चालण्याची वाट, सारे आले.

प्लॉट घेताना मंजूर नकाशा मागा. नकाशात रुंदी पाहा. मग टेप घेऊन जागेवर मोजा. नकाशात ९ आणि जागेवर ६ असेल, तर पैसे देण्याआधीच विचारा. घरे उभी राहिल्यावर रस्ता रुंद होत नाही.

२. पायी चालणाऱ्याची वाट

"खेड्यात फुटपाथ कशाला?" असे लोक म्हणतात. पण खेड्यात पायी चालणारेच जास्त नाहीत का? शाळेची मुले, डोक्यावर हंडा घेतलेल्या बाया, काठी टेकणारे म्हातारे, ही सारी माणसे पायीच जातात. मोटारसायकली आता घरोघर झाल्या.

भारतीय रस्ते काँग्रेस ही संस्था रस्त्यांची मापे ठरवते. तिने वस्तीतील फुटपाथ निदान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, मोकळा असावा असे म्हटले आहे. सहा फुटांत दोन माणसे एकमेकांना ओलांडून सहज जातात. फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. फार उंच केला तर म्हाताऱ्यांना चढवत नाही, आणि मग सगळे रस्त्यावरूनच चालतात. कोपऱ्यावर उतरता भाग ठेवावा, म्हणजे अपंगांची चाकाची खुर्ची वर जाते.

आता हिशेब करू. रस्ता ९ मीटर. दोन बाजूंचे फुटपाथ मिळून ३.६ मीटर. गाडीवाटेला उरले ५.४ मीटर. एक ट्रॅक्टर उभा असला, तरी बाजूने रुग्णवाहिका जाते. गटार वेगळे नको. ते फुटपाथच्या खाली बांधून वर फरशी टाकावी. गटारही झाकले जाते आणि जागाही वाचते.

३. रस्त्याचे पोट

रस्ता वरून दिसतो तेवढाच नसतो. त्याचे बळ पोटात असते. काळ्या मातीवर तसेच काँक्रीट ओतले, तर माती फुगते, आकसते आणि वरचा थर तडकतो. म्हणून आधी काळी माती खणून काढतात. तिच्या जागी मुरूम भरतात. मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून, रोलरने दाबतात. त्यावर खडीचा थर देऊन तोही दाबतात. मग काँक्रीट.

नळाची पाइप, विजेची तार, जे काही खालून न्यायचे ते याच वेळी न्यावे. जेथे रस्ता ओलांडायचा, तेथे एक मोठी नळी आधीच आडवी टाकून ठेवावी. मग पुढे रस्ता फोडावा लागत नाही.

४. उतार

पाणी हा रस्त्याचा वैरी. रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता हवा. काँक्रीटच्या रस्त्याला एका मीटरमागे २ सेंटिमीटर उतार पुरतो. मुरुमाच्या रस्त्याला ४ सेंटिमीटर द्यावा, कारण त्यात पाणी लवकर मुरते. रस्त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत दोरी सरळ धरा आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पातळी पाहा. कळते.

गटारालाही उतार हवा. आणि शेवटी गटार कोठे सोडले, ते पाहा. नाल्यात सोडले की कोणाच्या परसात? शेवट नसलेले गटार म्हणजे डासांचे घर.

५. ओतल्यानंतर

काँक्रीट ओतले म्हणजे काम झाले, असे नाही. ते १४ दिवस ओले ठेवावे लागते. गोणपाट पसरून पाणी मारावे, किंवा कडेने मातीचे बांध घालून पाणी साठवावे. पाणी मिळाले नाही तर काँक्रीट कच्चे राहते. तेवढे दिवस बैलगाडी, ट्रॅक्टर त्यावर घालू नये. काँक्रीट सुकताना आकसते, म्हणून साधारण चार मीटरवर आडवा सांधा कापतात. सांधा नसेल तर काँक्रीट आपल्या मर्जीने तडकते. आमच्या रस्त्याला सांधे नव्हते. पाणी तर तीनच दिवस मारले होते.

६. रस्त्याची उंची

घराचे जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट, उंच असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. आता पाहा. दर पाच-सात वर्षांनी जुन्या रस्त्यावरच नवा थर ओतला आणि एकेक थर १५ सेंटिमीटरचा धरला, तर तीन थरांत जोत्याची सारी उंची गेली. रस्ता वर, घर खाली. म्हणून नवा रस्ता करताना जुना थर खणून काढायला सांगा. वर आणखी एक थर म्हणजे प्रगती नव्हे.

आमची चूक

एवढे शिकल्यावर आम्ही ग्रामसभेत उभे राहून बोललो. दुसरा रस्ता झाला, तो या साऱ्या गोष्टी पाहून झाला. फुटपाथही झाला. लोक म्हणाले, "गुरुजींनी काम चांगलं करून घेतलं."

पण माणसाचे मन मोठे लबाड असते. आमच्या ओट्याला पायऱ्या नीट नव्हत्या. आम्ही दोन पायऱ्या पुढे काढल्या. त्या फुटपाथवर आल्या. "दोन पायऱ्यांनी काय होते?" असे आम्ही म्हणालो. मग शेजाऱ्याने ओटा वाढवला. पलीकडच्याने मोटारसायकल लावली. त्याच्या पलीकडे लाकडे रचली गेली.

शेजारच्या आजी रोज देवळात जात. काठी टेकीत फुटपाथने जात. एका संध्याकाळी आमच्या पायऱ्या आल्या म्हणून त्या खाली रस्त्यावर उतरल्या. मोटारसायकलचा धक्का लागला. खुबा मोडला. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो. तेव्हा आजी म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या दाराशी खाली उतरावं लागतं बघा." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आम्हाला मात्र मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वतः कुदळ घेतली आणि दोन्ही पायऱ्या फोडल्या. दुपारपर्यंत शेजाऱ्याने ओटा मागे घेतला. लाकडे हलली. कोणाला काही सांगावे लागले नाही. आजी आता घरातच दोन पावले चालतात. देवळापर्यंत जाणे त्यांना पुन्हा जमले नाही.

आपण काय करायचे?

सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार १९५८ च्या कायद्याने ग्रामपंचायतीला दिला आहे. पण आधी आपल्या दारापुढचे आपण काढावे. मग दुसऱ्याला सांगावे.

रस्त्याचे काम निघाले की ग्रामसभेत जा. अंदाजपत्रक वाचून दाखवायला सांगा. आता तर तुम्हाला वाचता येते. स्वतःच वाचा! रुंदी किती, थर किती जाडीचे, गटार कोठवर, हे त्यात लिहिलेले असते. ते पाहू दिले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करा. अर्जाची फी १० रुपये आहे. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

अक्षर शिकलो ते कशासाठी? सही करण्यापुरते नव्हे. ज्यावर सही करायची, ते आधी वाचण्यासाठी.

प्रश्न
१. तुमच्या दारासमोरचा रस्ता किती रुंद आहे? टेपने मोजा आणि वहीत लिहा.
२. त्या रस्त्यावरचे पाणी शेवटी कोठे जाते? पावसात चालत जाऊन पाहा.
३. काँक्रीट ओतल्यावर किती दिवस ओले ठेवावे?
४. तुमच्या घराचा कोणता भाग पायवाटेवर आला आहे?