आजचं चिंतन : आपलं, थोडं उणं असलं तरी



आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, पस्तिसावा. दुसऱ्याचा धर्म छान पाळता आला तरी त्यापेक्षा आपला उणा धर्म बरा, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. श्लोकात शब्द आहे ‘विगुण’, म्हणजे ज्यात काही कमी आहे असा. तुझ्यात उणीव असणार, हे धरूनच देव बोलतोय! माऊली इथे घराचं उदाहरण देतात: दुसऱ्याचं घर देखणं दिसलं म्हणून आपली झोपडी कुणी मोडत नाही.

मूळ संदर्भ अर्जुनाच्या क्षात्रधर्माचा. पण अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करणारी मुलं मला विचारतात, “निबंध चॅटजीपीटीकडून लिहून घेतला तर काय बिघडलं?”, तेव्हा मला हाच श्लोक आठवतो.

आधी नियम पाहू. कॉमन ॲपवरचा मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा. एआयने लिहिलेला मजकूर मुद्दाम आपला म्हणून देणं तिथे फसवणूक धरली जाते. कॅलटेक आणखी स्पष्ट सांगतं: व्याकरण, स्पेलिंग तपासायला एआय चालेल, मसुदा लिहून घ्यायला नाही. दुसऱ्या भाषेत लिहिलेला निबंध त्याच्याकडून इंग्रजीत करून घेणंही नाही.

हा शेवटचा नियम मराठीत विचार करणाऱ्याला टोचतो. शिवाय पैसेवाले कन्सल्टंटकडून निबंध लिहून घेतात, मग आम्हीच का थांबायचं? ही तक्रार खरी आहे. पण कन्सल्टंटने लिहिलेला निबंधही परकाच.

निबंध विचारतो, तू कोण आहेस? एआय असंख्य लोकांच्या लिखाणावरून शिकलंय. ते आजीबद्दल सुरेख लिहील, पण ती आजी कुणाचीही असेल. पूजेला बसल्यावर डोक्यावरचाच चष्मा शोधणारी तुझी आजी त्याला कुठून माहीत?

श्लोकाच्या शेवटी परधर्माला भयावह म्हटलंय. उसन्या आवाजात प्रवेश मिळालाच, तर मुलाखतीत, पहिल्या सेमिस्टरच्या पेपरात तोच आवाज पुन्हा कुठून आणायचा? आणि निवड झाली ती नक्की कुणाची, हा प्रश्न मनातून जात नाही.

आजचा अभ्यास: फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वीस मिनिटं, वहीत, मराठीत, स्वतःचा एक खरा प्रसंग लिहा. उद्या वही न उघडता तोच इंग्रजीत लिहा. मोडकं झालं तरी चालेल. मग एखाद्या शिक्षकांना दाखवा आणि एवढंच विचारा, “यात मी दिसतो का?” स्पेलिंग शेवटी तपासा, तेही त्या कॉलेजचा नियम वाचून.

उणं असू दे, आपलं असू दे. उद्या भेटूच.

राम कृष्ण हरी!