गावाचे आरोग्यदूत

जकात आणि सदका हे शब्द तुम्हांला ठाऊक आहेत. दानाला संशोधनाची जोड मिळाली तर काय घडते, ते पाहा.

गडचिरोली हा जंगलांचा जिल्हा. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. खेड्यांत अनेक नवजात बाळे दगावत. दवाखाना दूर असे. त्यांनी घरोघरी मृत्यूंची नोंद केली व कारणे शोधली. मग देणगीदार संस्थांच्या पैशातून ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाला तोलणे, उबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे ही कामे त्या घरी जाऊन करू लागल्या. इतर गावांच्या तुलनेत तेथील नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे संशोधन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. २०११ पासून आशा कार्यकर्त्याही नवजात बाळांसाठी घरभेटी देऊ लागल्या.

गरिबाच्या झोपडीतही बाळाला योग्य काळजी मिळावी, हीच समता. ती गावाच्या सहभागाने आली. तुमच्या मोहल्ल्यात कोणता प्रश्न आहे? आधी घरोघरी विचारा, वहीत नोंद करा. मग सर्वांनी मिळून उपाय शोधा.