एकच यंत्र दोनदा का नोंदलं जातं?

प्रश्न : येरमाळ्यात आमचं संगणक प्रशिक्षण केंद्र आहे. नेटवर्कवरच्या यंत्रांची नोंद ठेवणारा पायथन प्रोग्राम लिहिलाय. पण एकच यंत्र दोनदा नोंदलं जातं. काय करावं?
– एक वाचक, येरमाळा (जि. धाराशिव)

उत्तर : तपासणी आणि नोंदणी यांची फंक्शन्स वेगळी ठेवा. मॅक अ‍ॅड्रेस ही यंत्राची ओळख माना; पण तो कुठे कोलनने, कुठे डॅशने लिहिलेला असतो, त्यामुळे एकच यंत्र दोन वाटू शकतं. आधी ही चिन्हं काढा, अक्षरं स्मॉल करा, मग ० ते ९ आणि ए ते एफ यांतलीच १२ चिन्हं उरतात का ते तपासा. डेटाबेसमध्ये मॅकच्या रकान्याला ‘युनिक’ बंधन घाला. यंत्र पुन्हा दिसलं तर नवी नोंद न करता फक्त शेवटचं दिसल्याची वेळ बदला. आयपी अ‍ॅड्रेसला ओळख मानू नका, डीएचसीपीमुळे तो बदलू शकतो. नवे मोबाइल वाय-फायवर बदललेला मॅक दाखवतात. केंद्राच्या फोनवर ती सोय बंद करा. चुकीची नोंद मुकाट्याने गाळू नका, कारणासह वेगळी लिहून ठेवा.