एकच आडनाव

मुलांनो, आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर दृष्टी टाका. 'जोशी' हे आडनाव तेथे बहुधा आढळेल. 'ज्योतिषी' या संस्कृत शब्दाचे हे बोलीतील रूप होय. पूर्वी गावोगावी एक जोशी असे. तिथी-नक्षत्रे सांगणे, मुहूर्त काढणे ही त्याची कामे. त्याबद्दल त्यास शेतकऱ्यांकडून धान्य मिळे. दारोदार हिंडून भविष्य सांगणारे कुडमुडे जोशीही याच नावाने ओळखले जात. पुढे काळ पालटला, बहुतेकांचा तो व्यवसाय सुटला. आडनाव मात्र राहिले.

या एका आडनावाची माणसे किती भिन्न वाटांनी गेली, ते पाहा. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावले. स्त्रियांना स्त्री-वैद्य मिळावी, या तळमळीने त्या 1883 मध्ये समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. दुर्दैवाने दुसऱ्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापून गिरणीकामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी धर्मशास्त्राच्याच आधारे अस्पृश्यतेस विरोध केला. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकही तेच होते. भीमसेन जोशी मूळचे कर्नाटकातील गदग भागातले. गुरूच्या शोधार्थ त्यांनी घर सोडले, तेव्हा ते तुमच्याच वयाचे होते. 2008 मध्ये त्यांना 'भारतरत्न' जाहीर झाले. गुजराती कवी उमाशंकर जोशी यांना 1967 चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला.

यांचे आडनाव एक. पण प्रांत, भाषा आणि कार्य निरनिराळे. आडनाव आपणांस जन्मतः मिळते. त्यासाठी आपण कोणतेही श्रम केलेले नसतात. म्हणून स्वतःच्या आडनावाचा गर्व वाहू नये. तसेच दुसऱ्याचे आडनाव ऐकून त्याची थट्टा करू नये, की त्याची योग्यताही ठरवू नये. या पाच जणांना आपण आदराने स्मरतो, ते त्यांच्या कार्यामुळे.

स्वाध्याय
1. 'जोशी' हे आडनाव कसे रूढ झाले?
2. आनंदीबाईंनी वैद्यकशिक्षण का घेतले?
3. आडनावाचा गर्व का वाहू नये, असे लेखक म्हणतात?
4. आपल्या आडनावाचा अर्थ घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळी लिहा.